हाराच्या वेळचा लाल दिवा

मित्रांनो, माझ्या पाठीवरच्या कागदावर पूर्वी कंपनीचे नाव होते. ते पुसले गेले. आता '१ जीबी' एवढेच वाचता येते. मी डिजिटल कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड आहे. चौकोनी, थोडे जाड, एका कडेला बारीक छिद्रांच्या दोन रांगा. लोक मला जुने म्हणतात. मोडलेले म्हणत नाहीत. मला बसवून घेईल अशी खाच हल्लीच्या कॅमेऱ्यांत नसते, एवढीच माझ्या म्हातारपणाची हकिगत आहे.

माझी गोष्ट सलग सांगता येणार नाही. मी चित्रे ठेवते. एक चित्र लिहून दुसरे घ्यायला मला वेळ लागतो. तेवढा वेळ कॅमेऱ्यावर एक लाल दिवा जळत राहतो, आणि तो जळत असताना माझ्याजवळ सांगण्यासारखा एकच शब्द असतो.

थांबा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. तेव्हा माझ्यात काहीच लिहिलेले नव्हते. आठवण सुरू होते ती नागपूरला, सीताबर्डीवरच्या एका दुकानात, काचेखाली. साल दोन हजार पाच. काचेच्या पलीकडे बालाघाटचे फोटोग्राफर राजेंद्र आणि त्यांची बायको साधना उभी होती. राजेंद्रच्या गळ्यात नवा कोरा डिजिटल कॅमेरा होता. तोवर त्यांचे सगळे आयुष्य फिल्मच्या रोलवर गेले होते.

कॅमेरा घेण्याचे कारण असे. राजेंद्रची मोठी बहीण सीताबाई लांजीला राहायची. तिच्या मुलीचे, संघमित्राचे, लग्न ठरलेले होते. पत्रिका वाटून झाल्या आणि सीताबाईच्या पोटात गाठ निघाली. तिला गोंदियाच्या दवाखान्यात ठेवले. ऑपरेशन नेमके लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. सगळे म्हणाले, लग्नाची तारीख पुढे ढकलू. सीताबाई म्हणाली, ढकलायची नाही. भावाला मात्र तिने जवळ बोलावून सांगितले होते, "लग्न लागलं का तसाच इथं येजो. बाकी काही नाही दाखवलं तरी चालते. पोरीनं हार टाकला, तेवढं मले दाखव. मंग डॉक्टरले काय कापायचं ते कापू दे."

रोल धुवायचा, छापायचा, मग न्यायचा. तोवर ऑपरेशन होऊन गेले असते. म्हणून कॅमेरा. आणि कॅमेऱ्यासाठी कार्ड.

दुकानदाराने काचेवर दोन कार्डे ठेवली. एक मी. दुसऱ्यात माझ्या पावपट जागा, पण त्याच्यावर वेगाचा आकडा ठळक छापलेला. किमती जवळपास सारख्या.

"भाऊ, हे लहान आहे, पण पळते," दुकानदार म्हणाला. "हे मोठं आहे, पण सुस्त."

"मावतात किती, ते सांगा," राजेंद्र म्हणाले.

"मावायचं सोडा. तुमच्याकडे लग्नात पंगत बसते ना? हॉल मोठा असला अन् वाढणारा एकच असला, तर काय होते?"

"लोकं पत्रावळीकडे पाहत बसून राह्यतात," साधना म्हणाली.

"हौ. तसंच. कॅमेरा पटापट फोटो काढते. कार्ड सुस्त असलं तर ते फोटो कॅमेऱ्याच्या ओसरीवर बसून राह्यतात. ओसरी भरली का बटण किती बी दाबा, काही निघत नाही."

साधनाने लहान कार्डावर बोट ठेवले. "हेच घ्या न. पाहिजे तर दोन घ्या."

"अन् ऐन हाराच्या टायमाले बदलत बसू? बिरसाचं विसरली का?"

बिरसाचे कोणीच विसरलेले नव्हते. काही वर्षांपूर्वी बिरसा गावातल्या एका लग्नात, नवरानवरी हार घेऊन समोरासमोर उभी असताना, राजेंद्रचा रोल संपला होता. घाईत त्यांनी रोल गुंडाळून घेण्याआधीच कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि काढलेले फोटोही उजेडाने गेले. तेव्हापासून त्यांचे नाव रोलभाऊ पडले. लांजीपासून बालाघाटपर्यंत कुठल्याही मांडवात शिरले की कोणीतरी विचारायचेच, "या रोलभाऊ, संपला तर नाही ना?" राजेंद्र हसून घेत. पण त्या दिवसापासून फोटो काढताना त्यांचे निम्मे लक्ष किती उरले याकडे असे.

म्हणून त्यांनी मला घेतले. जे संपणार नाही ते. मी त्यात काही बोलले नाही. कार्ड बोलत नाही.

थांबा.

बालाघाटच्या स्टुडिओत माझी परीक्षा झाली. राजेंद्रनी साधनाचा फोटो काढला, पडद्यावर रंगवलेल्या बागेचा काढला, दारात उभ्या सायकलचा काढला. पण रोलच्या सवयीचा माणूस! आधी डोळा बारीक करणार, अर्धे पाऊल मागे घेणार, श्वास धरणार आणि मगच बोट दाबणार. दुसऱ्या फोटोपर्यंत इतका वेळ जाई की माझे लिहून होऊन मी रिकामी बसलेली असे. एकदाही अडले नाही. राजेंद्र खूश झाले. "साधना, पाह्य, संपतच नाही!"

"मंग आता तुमचं नाव बदला लागते," साधना म्हणाली. "रोलभाऊले रोलच नाही राह्यला."

एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

लग्न लांजीला, घरासमोरच्या मांडवात. मंचावर पांढरे कापड, त्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्त्या. त्यांच्याकडच्या लग्नात फेरे नसतात. फेऱ्यांमध्ये फोटोवाल्याचा एक चुकला तर पुढचा मिळतो. इथे वंदना, प्रतिज्ञा आणि हार. हार एकदाच.

त्यातून राजेंद्र नुसते फोटोवाले नव्हते. नवरीचे मामा होते. नवरीला हात धरून मंचापर्यंत आणणे मामाचे काम. खोलीतून निघताना पांढऱ्या साडीतली संघमित्रा हळूच म्हणाली, "मामा, आईनं सांगितलेलं..."

"आहे लक्षात. तू फक्त हार नीट टाकजो."

त्यांनी तिला मंचावर पोचवले आणि पळत येऊन साधनाच्या हातून कॅमेरा घेतला. पळाल्याने धाप लागली होती, डोळे भरले होते, आणि कॅमेऱ्यात न संपणारे कार्ड होते. अशा वेळी रोलच्या माणसाचे बोट पहिल्यांदा मोकळे सुटले. मेणबत्तीचे फोटो, तसबिरीचे फोटो, नवरदेवाच्या खांद्यावरून, साधनाच्या डोक्यावरून. मी एक लिहीत होते, तोवर ओसरीवर आणखी येऊन बसत होते. पंचशील झाले. प्रतिज्ञा झाल्या. पुढच्या रांगेतून चैतराम नावाचा एक नातलग ओरडला, "क्या बात है, रोलभाऊ! संपला का?"

"आता संपत नाही, भाऊ!" राजेंद्र म्हणाले, आणि खात्री पटवायला चैतरामच्याच तोंडासमोर कॅमेरा धरून बटण दाबत राहिले. मांडव हसला.

तेवढ्यात बौद्धाचार्य पुनाराम यांनी हार पुढे केले.

राजेंद्र वळले. संघमित्राने हार घेतला, दोन्ही हातांनी वर उचलला. तो फोटो निघाला. मग तिने

थांबा.

थांबा.

बटण दाबले जात होते, मला कळत होते. मी चैतरामचे दात लिहीत होते.

थांबा.

लाल दिवा विझला तेव्हा दोघांच्या गळ्यात हार होते. खांद्यांवर पाकळ्या पडत होत्या. तो फोटो आला. चांगला आला.

राजेंद्रनी कॅमेरा खाली घेतला. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, माझ्यात तो लिहिलेला नाही. ते मंचावर गेले आणि अगदी हळू म्हणाले, "बेटा, हार काढून एकदा अजून टाक. एकच मिनिट."

पुनाराम म्हणाले, "फोटोसाठी टाकतात लोकं. हरकत नाही."

संघमित्राने मामाकडे पाहिले. "पहिला नाही निघाला?"

"नाही."

"मंग राहू द्या, मामा. पुन्हा टाकलेल्या हाराचा फोटो पाहून आई विचारन, खरा का? मले तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही अन् तुम्हाले तर बिलकुलच येत नाही. जे निघालं ते दाखवा."

दुपारी वऱ्हाड मलाजखंडला निघाले. नवरदेव तिथेच नोकरीला होता. त्याच वेळी राजेंद्र आणि साधनाची जीप उलट्या दिशेने, गोंदियाला. राजेंद्रनी कॅमेरा मांडीवर दोन्ही हातांत धरला होता.

"बोला न काही," साधना म्हणाली.

"दुकानदार बोलला होता. तू बोलली होतीस. आता मी काय बोलू?"

"मले नका सांगू. ताईले काय सांगायचं ते ठरवा."

जीप आमगाव सोडून पुढे गेली तरी ठरले नव्हते.

थांबा.

दवाखान्यात सीताबाईच्या एका हाताला सलाईन होते. दुसऱ्या हातात तिने कॅमेरा घेतला आणि पाठीवरचा छोटा पडदा डोळ्यांजवळ आणला. कोणते बटण दाबायचे ते साधनाने दाखवले. एक फोटो दाखवून दुसरा उघडायलाही मला तेवढाच वेळ लागतो. तोवर पडदा काळा.

"हे का झालं? गेला का?"

"येते, ताई. कार्ड सुस्त आहे."

मेणबत्त्या आल्या. काळोख. तसबीर आली. काळोख. चैतराम आला. काळोख. पुन्हा चैतराम. पुन्हा.

"हा चैतराम काहून इतक्यांदा? लग्न याचं होतं का?"

साधनाला हसू आवरले नाही. राजेंद्र हसले नाहीत. पुढचा फोटो उघडला. पांढरी साडी, वर उचललेले दोन हात, हातांत हार. सीताबाई बराच वेळ पाहत राहिली. राजेंद्र म्हणाले, "ताई, याच्या पुढचा मले..."

"चूप रे जराक," ती म्हणाली आणि बटण दाबले.

पडदा काळा झाला. सीताबाईने तो डोळ्यांसमोरून हलवला नाही. काळ्या पडद्याकडे पाहत ती हळूहळू बोलू लागली. "जावई उंच आहे. टाचा उचलल्या पोरीनं... पदर सांभाळ, बाई... हौ. हौ, पोचला. टाकला."

मग फोटो उघडला. हार गळ्यात होता.

"पाह्य, टाकला न," सीताबाई म्हणाली.

"ताई, मधातला नाही निघाला. माह्या हातून राह्यला."

ती एक फोटो मागे गेली आणि पुन्हा पुढे आली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दर वेळी मधे मी थांबायचे, आणि दर वेळी ती त्या काळ्या पडद्यात डोळे लावून बसायची. नर्स येऊन रागावली तेव्हा तिने कॅमेरा परत केला.

सकाळी तिला आत नेले. त्या दिवशी कोणी फोटो काढला नाही.

पुढचे जे चित्र माझ्यात आहे त्यात सीताबाई बालाघाटच्या स्टुडिओत स्टुलावर बसली आहे. वाळलेली, पण बसलेली. शेजारी लेक आणि जावई. जावई खरेच उंच.

मित्रांनो, त्यानंतर माझे फारसे काही झाले नाही. राजेंद्रनी ते पळणारे लहान कार्ड घेतले, मग त्याच्यापेक्षाही पळणारे आणि मोठे घेतले. मी रोलच्या रिकाम्या डब्यांबरोबर खणात आहे. तक्रार नाही. मी जशी घडवली गेले तशी चालले. पण तुम्ही कधी कार्ड घ्यायला गेलात, तर मावते किती एवढेच विचारून परत येऊ नका. लिहिते किती लवकर, हेही विचारा. विकत घेण्याआधी कॅमेऱ्यात घालून बोट न उचलता फोटो काढून पाहा, सावकाश नव्हे, लग्नात काढाल तसे. लाल दिवा जळत असताना कार्ड ओढून काढू नका. आणि जे चित्र पुन्हा मिळणार नाही ते एकट्या कार्डाच्या भरवशावर सोडू नका.

एवढ्यावर थांबता आले असते. अजून एक सांगायचे आहे.

अल्बम लावायचा होता तेव्हा सीताबाई स्वतः स्टुडिओत येऊन साधनाजवळ बसली. हार वर धरलेला फोटो एका बाजूला, गळ्यात पडलेला दुसऱ्या बाजूला. साधना दोन्ही जवळजवळ चिकटवायला निघाली, तर सीताबाईने तिचा हात धरला.

"मधात एक जागा कोरी सोडजो."

"ताई, लोकं म्हणतील फोटो पडला."

"म्हणू दे."

पहिला म्हणणारा चैतरामच. तो स्टुडिओत आपल्या कामाला आला होता. अल्बम चाळताना कोऱ्या जागेवर थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "रोलभाऊ, इथचा फोटो पडला वाटते!"

राजेंद्र काउंटरमागे मान खाली घालून उभे राहिले.

सीताबाईने चैतरामच्या हातातून अल्बम ओढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"पडला नाही," ती म्हणाली. "तो मले पाठ आहे."