सूर्याची धूळ

"हलू नकोस गं बये," म्हणत मी माझ्या नातीच्या, एरांदीच्या पाठीची कातडी चिमटीत धरून ओढली. कट्ट आवाज झाला. आतड्याला चिकटलेलं अन्न सुटलं की असाच आवाज येतो. आता पोटदुखीवरचा मांसानियाच्या फुलांचा काढा, आणि त्यात चिमूटभर केशरी पूड.

त्या पुडीची बाटली उन्हात धरली की अंगणभर झेंडू फुलल्यासारखं वाटे. माझी आई तिला सूर्याची धूळ म्हणायची.

चमचा नातीच्या ओठांशी नेला, तोच दवाखान्यातली नर्स रोसाउरा फाटकातून ओरडली, "आजी, थांबा! देऊ नका!"

"तुझी नाळ मी कापलीय. ओरडतेस कुणावर?"

तिनं कागद पुढं केला. मला वाचता येत नाही, हे तिला ठाऊक आहे.

"एरांदीच्या रक्तात शिसं सापडलंय. तुमची ही पूड म्हणजे शिसंच. कुंभार मडक्यांना झिलई देतात ना, त्याच जातीचं."

"मग? मडकी चकाकतात, पोरंही चकाकतील."

ती हसली नाही. "हिचं पोट या पुडीनंच दुखतं, आणि तुम्ही पुन्हा हीच देता. आत्ताच थांबवलं तर पोरगी सावरेल. उशीर झाला तर डोकं मंदावतं. मग बोलणं, आकडे, काही जमत नाही."

काढ्याची वाफ संथ वर जात होती. वाफेपलीकडे, पेरूच्या झाडाखाली, माझा लासारो तरंगत असल्यासारखा दिसत होता. एकेचाळीस वर्षांचा माझा लेक. मक्याचे दाणे ओळीत मांडायचा, सातावर अडायचा, पुन्हा एकापासून. तो पोटात असताना ग्रहण लागलं होतं. चंद्रानं त्याची अक्कल खाल्ली, असं मी गावभर सांगत आले. लहानपणी त्याचं पोट फार दुखायचं. मी हाच काढा चमचा चाटूनपुसून स्वच्छ होईस्तोवर पाजायची.

रोसाउरानंही तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"ग्रहणानं झालंय त्याचं," मी म्हटलं.

"हो, आजी."

"हो काय? एरवी तर तोंड फार चालतं तुझं!"

तिनं कागदाची घडी घातली. पोरीला शहाणपण आहे.

मी चमचा आणि बाटली तिच्या हातात दिली. "ने. आईची आहे, फोडू नकोस."

मग लासारोजवळ जाऊन बसले. सातव्या दाण्यावर त्याचं बोट थांबलं होतं.

"आई, पुढं?"

"आठ."

तो गोड हसला, आणि पुन्हा एकापासून मांडू लागला.