सदतिसावी बैठक

रबराची ती चकती लोणच्यातल्या कैरीच्या फोडीएवढीच होती, एका कडेला जाड, आत पातळ होत गेलेली; आणि अण्णा ती डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या गुडघ्यात उलटी बसवायला बघत होते... बसत नव्हती. बसणार कशी? हात पुढे करून सरळ करून द्यावी असं क्षितिजाला वाटलं, पण तिचा उजवा पाय स्टुलावर वाकलेलाच पडून होता — वीस दिवस झाले, सरळ होतच नव्हता — आणि जरा झुकलं की आत काहीतरी अडकून ठणकायचं. शिवाय वडलांच्या हातातली वस्तू काढून घेणं तिला तिसाव्या वर्षीही जमलेलं नव्हतं.

"दर्द साल भर से है ना?" एमआरआयची फिल्म उजेडापुढे धरत डॉ. ग्रेवालनी विचारलं. "पिछले हफ़्ते आपने यही बताया था."

"जी," क्षितिजा म्हणाली.

जी! काय पटकन निघालं तोंडातून. इतकं सफाईदार खोटं मला कधीपासून यायला लागलं?

वर्षभर कसलं नि काय कसलं! तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारपर्यंत हा गुडघा ठणठणीत होता. मोहालीच्या ऑफिसात खेळांचा दिवस होता, बॅडमिंटन खेळून दमलेल्या पोरांना ती म्हणाली, चला, तुम्हाला खरा खेळ दाखवते — आणि खो-खोच्या खांबाला वळसा घालताना बूट गवतात रुतला, अंग फिरलं, पाय मात्र तिथंच राहिला. थोडी सूज, थोडी कळ. संध्याकाळी झिरकपूरच्या फ्लॅटमधून विट्याला व्हिडिओ कॉल लावला, तर अण्णांनी फोन इतका जवळ धरलेला की नुसत्या मिशाच दिसत होत्या. "लचक हाय गं, दुसरं काय! बसून राहिलीस तर आखडंल. सकाळी पन्नास बैठका मार, सांधा लोण्यावाणी हुतोय बघ." चौतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस. नामदेव सर म्हटलं की तालुक्यातल्या पोरी अजून पदर सावरून ताठ उभ्या राहतात. त्यांनी सांगितलं, तिनं केलं. नवव्या मजल्याच्या गॅलरीत, कठड्याला धरून, मोजत... पस्तीस, छत्तीस... आणि सदतिसाव्या बैठकीला आत टक् झालं. उठताच येईना.

अण्णांना मात्र बैठकांचं सांगितलंच नाही; म्हणाली, जिन्यात घसरले. दोन दिवस रेल्वेत बसून ते आले, स्वतः घाण्यावरून आणलेल्या तिळाच्या तेलाची बाटली घेऊन. मग गेल्या आठवड्यात याच खोलीत डॉक्टरांनी भुवया उंचावल्या होत्या, नुसतं घसरून एवढं? — आणि अण्णा शेजारीच, कान टवकारून... तेव्हा घाईघाईनं ती म्हणाली होती, वैसे साल भर से थोड़ा-थोड़ा दुखता था. एक खोटं झाकायला दुसरं. आणि वर त्या दिवशी घरी येऊन त्यांच्या हातचं पिठलं चापून खाल्लं. शाब्बास गं माझ्या पठ्ठे.

"देखिए," अण्णांच्या हातातल्या चकतीकडे बोट दाखवत डॉक्टर म्हणाल्या, "ये गद्दी फटी है, और फटा हुआ हिस्सा पलटकर जोड़ में फँसा है. इसलिए पाँव सीधा नहीं होता. दूरबीन से करेंगे. ताज़ा हो, तो बाहर वाली किनार पे खून पहुँचता है, टाँके लगाओ तो जुड़ सकता है. पुराना हो तो टाँके कम पकड़ते हैं. उतना हिस्सा काटके निकालना पड़ता है. आप जल्दी चलने लगेंगी, पर गद्दी कम हो जाएगी... और आप अभी तीस की हैं." त्या थांबल्या. पेनाचं टोक फिल्मवरच्या एका काळ्या रेघेवर ठेवलं. "मुझे तो ये ताज़ा लगता है. पक्का साल भर?"

पक्का. एवढा एकच शब्द म्हणायचा होता. म्हटला की फाटलेली फोड कापून टाकायची, पंधरा दिवसांत चालायला लागायचं, अण्णा खुशीत गावी परत. आणि नाही म्हटलं तर... तर त्यांना कळणार. आणि कळलं की ते माझ्यापाशी थांबणार नाहीत, मागे मागे जातील, एकेक पोरगी आठवत, हे मला पक्कं माहीत आहे. पहिली शशिकला, माझ्या वर्गातली. दहावीत असताना जिचा गुडघा सुजायचा, आणि मैदानाच्या कडेला रडत बसलेल्या जिला अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले होते, नाटकं नकोत, शंभर बैठका मार. दुसऱ्या दिवसापासून शशिकला मैदानावर आलीच नाही. "नाजूक निघाली," एवढंच ते घरी म्हणाले होते. आणि मी तेव्हा मान डोलावली होती! मलाही ती नाजूकच वाटली होती...

नाही. त्यांना काही होऊ नये म्हणून मी माझा गुडघा कापून द्यायचा? आणि त्यांना हे समजलं तर — आज ना उद्या समजणारच — तेव्हा त्यांना काय वाटेल? मुलीनं आपल्याला खरं सांगण्याच्या लायकीचंही समजलं नाही, हेच ना? तिला एकदम त्यांचा राग आला, मग स्वतःचा. भिंतीकडे बघत तिनं सांगून टाकलं.

"साल भर नहीं. बीस दिन. पहले ऐसे कुछ नहीं था. मुरगळलं... मतलब, मुड़ गया था, और दूसरे दिन मैंने बैठक मारी. तब अटक गया."

अण्णांकडे बघायचा तिला धीर होईना.

"कितवीला?" अण्णांनी विचारलं. मैदानावर विचारायचे तसंच, पण आवाज बारीक.

"सदतिसावीला."

"हं." मग खुर्चीत सरळ होत ते डॉक्टरांना म्हणाले, "मॅडम, वो मैंनेच बोला था. फोन पे. पोरगी का चूक नहीं."

डॉ. ग्रेवाल हसल्या नाहीत. कागदावर आधी लिहिलेलं खोडून त्या नवीन लिहू लागल्या. टाके घालून बघू, पण शेवटचं दुर्बिणीतून पाहिल्यावरच ठरेल. टाके धरतीलच अशी खात्री नाही. सहा आठवडे कुबड्या, मग व्यायाम, मैदान म्हणाल तर सहा महिने तरी नाही. "मंज़ूर?"

"जी," ती म्हणाली. हा 'जी' तोंडातून निघायला वेळ लागला.

बाहेर गर्दी होती. अण्णांनी तिला बाकावर बसवलं, दुसरी खुर्ची ओढून तिच्यावर तिचा पाय उचलून ठेवला, टाचेखाली आपली कानटोपी घडी करून सारली. चकती त्यांच्या मुठीत तशीच आली होती. लक्षात आल्यावर ते ओशाळले, परत द्यायला उठले आणि उठता उठता थांबले.

"क्षिती... त्या शशिकलाचा नंबर हाय का गं तुझ्याकडं?"

"आहे."

"मला लावून दे. काय बोलायचं ते काय ठाव नाही मला."

"ठाऊक नसलं तर नसू दे, अण्णा."

ते चकती घेऊन आत गेले. तिनं फोन काढला, नाव शोधलं, आणि अंगठा तसाच ठेवून त्यांची वाट बघत बसली. पाय अजून वाकडाच होता, ठणकतही होता. टाके धरतील, न धरतील... पण सहा आठवडे म्हणजे फार नव्हेत, असं तिला वाटलं. आणि असं वाटतंय याचंच तिला इतकं नवल वाटलं की तिनं ते सहा आठवडे पुन्हा एकदा मोजून पाहिले.