हॉर्नचा फ्यूज

"बाबा, बारा व्होल्टला कुणी रबरी हातमोजे घालतं का?"

गाडीच्या उघड्या दारापाशी उकिडवं बसू पाहणाऱ्या वडिलांना मुलीनं विचारलं. उकिडवं बसणं गुडघ्यांनी नामंजूर केल्यामुळे ते उशी घेऊन सरळ फरशीवरच बसले.

"नियम म्हणजे नियम. किल्ली काढलीस ना?"

"काढली. तिसऱ्यांदा सांगतेय."

चौतीस वर्षं ते वीज कंपनीत वायरमन होते. गल्ली त्यांना फ्यूजकाका म्हणायची. लोकांचे फ्यूज घालता घालता त्यांनी एक तत्त्व ठरवून टाकलं होतं, की घरी आल्यावर फ्यूजला हात लावायचा नाही. आचारी घरी येऊन स्वयंपाक करतो का? त्यामुळे घरातला फ्यूज गेला की बायको स्टुलावर चढायची आणि हे आरामखुर्चीतून देखरेख करायचे.

गाडीचंही तेच. चालवायची ती. हे शेजारी बसून हॉर्न वाजवायचे, म्हणजे तोंडानं. "वाजव. अगं वाजव! तो बघ, आडवा येतोय." कुत्रं, सायकल, थांब्यावर निमूट उभी असलेली बस, कुणाचीही सुटका नसे.

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी हॉर्न वाजेनासा झाला.

"फ्यूज गेला असणार. बघतो रविवारी."

"राहू द्या हो. दमता तुम्ही."

त्यानंतर शंभरेक रविवार आले आणि विश्रांती घेऊन गेले. चार महिन्यांपूर्वी तीही गेली.

आज गाडी जायची होती. घरात चालवणारं कुणी उरलं नव्हतं आणि मुलगी परवा आपल्या घरी परतणार होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एक शिक्षिका गाडी घेणार होत्या. पण सकाळी फ्यूजकाका अडून बसले. हॉर्न दुरुस्त केल्याशिवाय गाडी हलणार नाही. बायकोला तसं सांगितलं होतं. निदान तो एक शब्द तरी पाळायचा राहू नये.

स्टिअरिंगखालचं झाकण त्यांनी खटकन काढलं. आत नखाएवढे रंगीबेरंगी फ्यूज रांगेत बसले होते.

"ही काय भातुकली आहे!" ते म्हणाले. मग चष्मा वर-खाली करत हॉर्नची जागा शोधली. तिथला फ्यूज उडालेला नव्हता. तिथे फ्यूजच नव्हता.

झाकण उलटं केलं, तर आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलेला एक निळा फ्यूज, आणि त्याच्याखाली तिच्या अक्षरात गॅरेजवाल्यासाठी चिठ्ठी: 'हॉर्नचा आहे. चांगला आहे. मुद्दाम काढलाय. यांना सांगू नका.'

यांना म्हणजे कुणाला, ते लिहिलं नव्हतं. तिच्या जगात 'हे' एकच होते.

फ्यूजकाकांनी हातमोजे काढले. फ्यूज उजेडात धरला. आतली तार शाबूत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"मला होतं. गॅरेजवाल्याला होतं. समोरच्या काकूंनाही होतं."

"आणि मी एकदा जरी हे झाकण उघडलं असतं तर?"

"मीही तिला तेच म्हटलं. तर म्हणाली, हे? हे नाही उघडायचे."

फ्यूजकाका हसले. हसणं संपलं तरी तोंड बराच वेळ तसंच राहिलं.

"पण का गं?"

"हॉर्न होता तोवर गाडीत तुम्ही दुसरं काही बोलायचाच नाहीत, बाबा."

खरं होतं. हॉर्न गेल्यावरच त्यांना कळलं होतं, की तिला लहानपणी विहिरीत पोहता यायचं, की तिला त्यांच्या आरामखुर्चीचा रंग कधीच आवडला नव्हता. पोटात बाजूला जरा दुखतंय, हेही तिनं गाडीतच सांगितलं होतं, एका सिग्नलला. तेव्हा ते म्हणाले होते, "बघू रविवारी."

त्यांनी फ्यूज बोटानं दाबून बसवला. मुलीनं किल्ली फिरवून हॉर्न दाबला. दोन वर्षांची कसर भरून काढत तो असा केकाटला, की समोरच्या काकू गॅलरीत आल्या आणि काही न विचारता आत गेल्या.

"झालं काम," मुलगी म्हणाली.

"किल्ली काढ."

त्यांनी चिमट्यानं फ्यूज पुन्हा उपसला, चिठ्ठीत गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"हे काय आता?"

"तिकडे पोचल्यावर लावतो. चल."

ते आपल्या नेहमीच्या जागी, शेजारच्या सीटवर बसले. गल्लीच्या वळणावर एक सायकलवाला रस्त्याच्या बरोबर मधून, हँडलला पिशवी अडकवून, रमतगमत चालला होता. मुलीचा अंगठा सवयीनं हॉर्नवर गेला आणि परत आला.

फ्यूजकाकांनी खिशावर हात ठेवला होता.

"जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचा रस्ता आहे. बोल काहीतरी."