दसऱ्याच्या दिवशी काढलेला विषय

गोखिवऱ्याच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये दसऱ्याची एक शिस्त आहे. मशीन बंद, शटर सताड उघडं, येईल त्याला पेढा. आणि त्या दिवशी देण्याघेण्याचा विषय कुणी काढत नाही.

यंदा ही शिस्त जितेंद्र पारकरच्या अगदी पथ्यावर पडणार होती. बाटल्यांची झाकणं बनवणारी त्याची कंपनी गळ्यापर्यंत कर्जात रुतली होती. मोठं गिऱ्हाईक टाळं लावून मोकळं झालं आणि ह्याचे पैसे तिथेच अडकले. "कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, घराला धक्का नाही," असं तो बायकोला, विनिताला, सात वर्षं छातीठोक सांगत आला होता. पण बँकेला हमी म्हणून बोळिंजच्या राहत्या फ्लॅटचे कागद आपणच दिलेत, ह्या गोष्टीकडे हा शहाणा बघतच नव्हता.

सीएने तीन वाटा सांगितल्या. बँकेच्या संमतीने मशीन विकून कर्ज फेडायचं आणि बाकीच्यांकडे हप्ते मागायचे. कंपनी रीतसर गुंडाळायची, पण हमी मानेवर राहणारच. नाहीतर सरळ फ्लॅट विकायचा. चौथी वाट एका दलालाने दाखवली. दसऱ्याला दुपारी सगळे घरी जातात, तेव्हा मशीन टेम्पोत घालू, रोख घ्या. मशीन बँकेकडे तारण होतं, तरी जितेंद्र हो म्हणाला. सांगायला लाज वाटते, पण म्हणाला.

दसऱ्याला सकाळी विनिताने मशीनला झेंडूचा हार घातला. अकराच्या सुमारास वटारचा ॲन्सेल्म आला. झाकणांचे साचे बनवणारा हा माणूस दरवर्षी पूजेला यायचा. त्याचे पैसे बरेच थकले होते, तरी त्याने पेढा खाल्ला आणि मशीनवर हात फिरवला.

"एवढी वर्षं झाली, पन अजून नवीन दिसतं. नीट सांभाळलंस, जितू."

जितेंद्रला राहवेना.

"ॲन्सेल्मभाऊ, माझ्याकडे द्यायला काही नाही. आज दुपारी हे मशीन पळवणार होतो."

विनिताला हे आत्ताच कळत होतं. ॲन्सेल्मने मशीनवरचा हात काढून घेतला. राग आला होता त्याला, आणि तो यायलाच हवा होता.

"आज हा विषय काढायचा नसतो," तो म्हणाला. "काढलास, तर ऐक. आपन दोघं बँकेत जाऊ. मशीन मी घेतो, गाळ्याचं भाडंही मीच भरीन. पैसे थेट बँकेला, म्हणजे तुझं घर वाचेल. माझे थकलेले मी पगारातून कापीन."

"कुणाच्या?"

"तुझ्या. चालवायला मला मानूस लागेलच."

विनिता नवऱ्याकडे बघत राहिली. घर वाचत होतं, आणि मालकाचा कामगार होत होता. जितेंद्रच्या तोंडून 'हो' निघायला वेळ लागला. मग त्याने तिथेच उभं राहून दलालाला फोन केला आणि टेम्पो नको म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतर बँकेचे कागद झाले. कामाच्या पहिल्या दिवशी जितेंद्र आठाच्या आधीच पोचला. किल्ली त्याच्याच खिशात होती, तरी तो बंद शटरसमोर डबा घेऊन उभा राहिला.

स्कूटर लावत ॲन्सेल्म म्हणाला, "उघडायचं की."

जितेंद्रने किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.