ऐंशीच्या वर कोणीच नाही

मित्रांनो, माझ्या पोटात भाताचं तूस आहे, चिंध्या आहेत आणि मधोमध रेतीच्या दोन पुरचुंड्या आहेत. बाहेरून मी ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची. मुरबाडहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक भातगिरणी आहे. तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी लोखंडी साखळीला टांगलेली असते. लोक मला पंचिंग बॅग म्हणतात. ताडपत्रीचा रंग उडालेला आहे आणि अंगावर ठिगळं आहेत, त्यावरून माझं वय तुम्हीच ओळखा.

माझा जन्म कसाऱ्याला, हमरस्त्याच्या कडेला झाला. तिथे धाऊमामा ट्रकच्या ताडपत्र्या शिवत बसत. त्यांच्याकडे एकदा आदेश सर आले. आदेश सर शाळेत खेळ शिकवतात आणि स्वतः एके काळी बॉक्सर होते. त्यांनी हातांनी उंची दाखवून सांगितलं, "मामा, माणसाएवढी पिशवी शिवायची. पोरांना ठोसे मारायला."

धाऊमामांनी सुई थांबवली. "माणसं काय कमी हायत का मारायला? पिशवी कनाला?"

"पिशवी तक्रार करीत नाय, मामा."

"मंग शिवतो," मामा म्हणाले आणि दुहेरी टाके घालून त्यांनी मला शिवलं. त्यांची शिवण आजवर एकदाही उसवलेली नाही. जे फाटलं ते कापड फाटलं.

पोट मात्र गिरणीतच भरलं. तूस फुकट मिळतं आणि हलकं असतं, पण ते जागेवर राहत नाही. ठोसे बसत जातात तसं ते दबत, सरकत खाली उतरतं. काही महिन्यांनी माझा वरचा भाग पोकळ उशीसारखा होतो आणि खालचा दगडासारखा. मग मला खाली उतरवून उलटं टांगावं लागतं. शिवाय तूस दमट हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात माझं वजन वाढतं आणि उन्हाळ्यात उतरतं. पहिल्याच पावसाळ्यात एक गंमत झाली. तुसाबरोबर गिरणीतून काही अख्खे दाणे तसेच सुटून आले होते. त्यांना ओल लागली आणि माझ्या बुडाच्या शिवणीतून भाताचे हिरवे कोंब बाहेर आले. मुलं हसून हसून बेजार झाली. सर म्हणाले, "हिला मारू नका रे, हिची लावणी करा!" कोंब उपटून मला चुलीजवळ वाळवलं, तेव्हा कुठे मी पुन्हा कामाची झाले.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. संध्याकाळी शेडमध्ये मुलं येत. बहुतेक सगळी सडपातळ, पन्नास-साठ किलोंची. त्यांचे ठोसे जलद आणि टोकदार असत, पावसाच्या थेंबांसारखे. त्या ठोशांनी मी जागची फारशी हलत नसे. सरावानंतर ती मोबाइलभोवती जमून परदेशातल्या हेवीवेट लढती बघत आणि सर समजावून सांगत. पुरुषांत सर्वांत वरचा गट हेवीवेट, त्याला वरून मर्यादाच नाही. त्याच्या खाली क्रूझरवेट. तो गट खूप उशिरा तयार झाला, लहानांत मोठी आणि मोठ्यांत लहान पडणाऱ्या माणसांसाठी. सर स्वतः तसेच होते. त्यांच्या स्पर्धेत मधला गट भरला नाही म्हणून त्यांना वर ढकललं गेलं आणि समोर आला तो त्यांच्यापेक्षा वीसेक किलोंनी जड होता. ही गोष्ट सर हसत सांगत, पण सांगताना त्यांचा हात नकळत बरगडीवर जाई.

"आणि वरच्यांचं काय सर? त्यांचा चॅम्पियन कोण?" मुलं विचारत.

"चार संघटना, चार पट्टे," सर म्हणत. "कधी एकाच्याच कमरेला सगळे, कधी चौघांत वाटलेले. वाटले गेले की एकमेकांसमोर यायला वर्षं लावतात. पट्टा असतो रे, लढत नसते."

हे वाक्य मला राही आल्यावर नीट कळलं.

राही जवळच्याच गावातली, शेतकऱ्याची मुलगी. ती पहिल्यांदा शेडमध्ये आली तेव्हा मुलांपैकी एकाने दबक्या आवाजात म्हटलं, "आता बॅग कुठली नि पोरगी कुठली, कळायचं नाय." तिने ते ऐकलं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने उजवा हात टाकला. साखळी करकरली, मी मागच्या भिंतीपर्यंत गेले आणि परत येताना त्याच मुलाच्या पाठीत बसले. त्यानंतर शेडमध्ये तो विनोद कोणी केला नाही.

तिच्या ठोशात खांदा, कंबर आणि टाच असे तिन्ही असत. जड माणसाचा ठोसा पृष्ठभागावर थांबत नाही, तो माझ्यातल्या रेतीपर्यंत पोचतो. मला तो आवडत असे असं म्हणणं चमत्कारिक वाटेल, पण मी ज्या कामासाठी शिवले गेले ते काम मला तिच्यामुळे पहिल्यांदा पूर्ण करता आलं.

मुलींमध्ये सर्वांत वरचा गट ऐंशी किलोंच्या पुढचा. राही त्यात बसत होती. त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेहून ती सुवर्णपदक घेऊन आली. गावात पेढे वाटले. तिची आई सुंदराबाई पदक घेऊन शेडमध्ये आली आणि सरांना विचारू लागली, "किती जणींना हरवलं हिनं?"

सरांच्या आधी राहीच म्हणाली, "कोणाला नाय, आये. ऐंशीच्या वर कोणीच नव्हती. मी रिंगणात गेले, पंचांनी हात वर केला, झालं."

"मंग बरंच झालं की," सुंदराबाई म्हणाल्या. "मार नाय खावा लागला."

जिल्ह्यातून प्रत्येक गटातली एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाते. राही गेली आणि पहिल्याच फेरीत हरली. पुढच्या वर्षी तेच घडलं. जिल्ह्यात पुन्हा एकटी, पुन्हा सुवर्ण. राज्यात पुन्हा लगेच बाहेर. परत आल्यावर तिने सरांना कारण सांगितलं. समोरून ठोसा येताना दिसला की तिचे डोळे मिटत. ते ती ठरवून करत नव्हती, ती शरीराची सवय होती. अशी सवय मोडायला शेकडो ठोसे उघड्या डोळ्यांनी यावे लागतात आणि तिच्यावर ठोसा टाकणारं शेडमध्ये कोणी नव्हतं. मुलं तिच्यापेक्षा वीस-तीस किलोंनी हलकी होती. सर तिच्यासमोर उभे राहत, पण हात आवरून मारत. उरले मी.

"सर, तुमी हळू मारता," ती म्हणाली.

"जोरात मारू का मंग? तुझी आई मला गावात राहू देईल?"

त्यानंतर तिचं येणं कमी झालं. मुलं दहावी-बारावीनंतर कामाला लागली, कोणी कल्याणला, कोणी गोदामांत. शेड रिकामी पडली. तुसातल्या दाण्यांसाठी उंदरांनी माझ्या बगलेला भोक पाडलं. कोपऱ्यात रिकामी पोती रचली गेली आणि एक कोंबडी माझ्या सावलीत अंडी घालू लागली. मी कोणाला दोष देत नाही. ज्यात लढतच नाही अशा गटासाठी कोणी रोज घाम का गाळावा?

एका संध्याकाळी राही आली ती एकटी नव्हती. सोबत सोनाली होती, आटगावकडच्या एका डोंगरपाड्यातली. शहापूरला मुलींचे कबड्डीचे सामने होते, तिथे राहीने तिला पाहिलं होतं. कोपऱ्यावर उभी राहिलेली ही मुलगी तिघींना मिळूनही ढकलता आली नव्हती. राही तिच्या संघाच्या तंबूत गेली आणि तिने सरळ विचारलं, "माझ्याशी मारामारी करशील?" सोनालीला वाटलं, ही भांडायलाच आली.

सोनालीने मला पहिला ठोसा मारला आणि तिचं मनगट मुरगळलं. "आय गो, ही तर धोंडा हाय!" ती ओरडली.

"खाली तूस बसलंय तिचं," राही म्हणाली आणि दोघींनी मिळून मला उतरवलं, बगलेला ठिगळ लावलं, उलटं टांगलं. कोंबडीची दुसरीकडे सोय झाली.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी बाजूला टांगलेली राहून पाहिलं. दोघी डोक्याला गाद्या बांधून एकमेकींसमोर उभ्या राहत. सोनाली हात आवरत नसे, कारण तिला आवरणं माहीतच नव्हतं. राहीचे डोळे मिटत आणि मिटले की ठोसा बसे.

"डोळं उघड गो! मी काय भूत हाय?"

"भुताला घाबरत नाय मी. तुझ्या डाव्याला घाबरते."

सुंदराबाई एकदा बघायला आल्या. लेकीचं सुजलेलं नाक पाहून त्या दारातच थांबल्या. सोनाली पाणी प्यायला बाहेर गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या ताटातला घास तूच दुसरीला वाढतेस. एकटी होतीस तर दर वर्षी जात होतीस. आता ही जाईल."

"जात होते, आये. आणि पहिल्याच दिवशी परत येत होते."

"पदक तरी होतं."

राहीने गादी पुन्हा डोक्याला बांधली आणि सोनालीला हाक मारली.

स्पर्धा जवळ आली तेव्हा सरांनी सोनालीचं वजन केलं. काटा ऐंशीच्या जरा अलीकडे थांबला. सरांचा चेहरा उजळला. आपल्या वाट्याला जे आलं नाही ते ह्या मुलीला मिळू शकेल, असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "हे बेस झालं. सोनाली, तू आहे तिथंच राहा, खालच्या गटात लढ. राही वरच्या गटात. दोघींपैकी कोणी कोणाच्या आड येणार नाय. नशीब असेल तर दोघी जाल."

हिशेब बिनचूक होता. सुंदराबाईंनी तर हातच जोडले. फक्त त्यात एक गोष्ट धरलेली नव्हती. वरच्या गटात राही पुन्हा एकटी राहणार होती.

सर गेल्यावर दोघी जमिनीवर बसून हातांना गुंडाळलेल्या कापडी पट्ट्या सोडू लागल्या. सोनाली म्हणाली, "तू मला शहापूरवरून कनाला आणली? घरच्या घरी मार खायला?"

"तुला खालच्या गटात चान्स हाय. सर बरोबर बोलतात."

"ते मी नाय इचारलं."

राहीने सोडलेली पट्टी गुंडाळायला घेतली. जिंकण्याची खात्री सोडायची की लढत सोडायची, एवढाच प्रश्न होता, आणि तो दुसऱ्या कोणी सोडवण्यासारखा नव्हता. पट्टीचं शेवटचं टोक खोचून तिने मान वर केली.

"वर ये," ती म्हणाली.

"हारलीस तर आई मला खाईल तुझी."

"त्याआधी तू खा. वजन भरायला हवं."

मग सोनाली खाऊ लागली. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, केळी, वर ताक. स्पर्धेला निघालेली इतर ठिकाणची मुलं वजन उतरवण्यासाठी उपाशी धावत असताना ही एकटी वजन चढवण्यासाठी जेवत होती. सरांनी डोक्याला हात लावला, पण अडवलं नाही. सुंदराबाई दोन दिवस राहीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सोनालीसाठी भाकऱ्यांची चळत पाठवली. सोबत निरोप होता, "उपाशी पोरीला हरवलं असं कोणी म्हणायला नको."

स्पर्धा मी पाहिली नाही. मी इथेच टांगलेली होते. सगळे परत आले तेव्हा राहीचा डावा डोळा जवळजवळ बंद झाला होता आणि सोनालीचा ओठ फाटला होता. सुवर्णपदक सोनालीच्या गळ्यात होतं. पंचांचा कौल तीन-दोन असा लागला होता.

सुंदराबाई हळद गरम करून घेऊन आल्या. लेप लावताना त्यांनी विचारलं, "दुखतंय?"

"लय दुखतंय," राही म्हणाली आणि हसली. मग ओठ हलवता येत नसतानाही सोनाली म्हणाली, "मावशी, शेवटच्या घंटेपर्यंत माझ्याकडं बघत होती ही. एकदा पण डोळं नाय मिटलं. मलाच भ्या वाटलं."

सुंदराबाईंनी उरलेली हळद सोनालीच्या ओठाला लावली.

राज्य स्पर्धेची तयारी दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाली. जायची होती सोनाली. राही नेहमीप्रमाणे आली, पण माझ्यासमोर उभी राहिली नाही. ती माझ्या मागे गेली, तिने मला दोन्ही हातांनी कवटाळलं, खांदा लावला आणि सुजका गाल ताडपत्रीला टेकवला. बॅग हलू नये म्हणून कोणीतरी अशी धरावी लागते. इतकी वर्षं मला तिची मूठ माहीत होती. तिचं सगळं वजन असं माझ्यावर विसावलं ते पहिल्यांदाच.

"मार," ती सोनालीला म्हणाली. "जोरात. तिथं कोणी हळू मारणार नाय."

सोनालीने मारलं. ठोसा ताडपत्रीतून, तुसातून, रेतीतून पार गेला आणि पलीकडे राहीच्या खांद्यावर उतरला. ती एक पाऊलही मागे सरली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी बॅग तुमच्या गावात असेल तर तिला वेळोवेळी उलटी टांगा, पावसाळा संपला की ऊन दाखवा, भोक लहान आहे तोवर शिवून घ्या. आम्हाला याहून जास्त काही लागत नाही. पण ठोसा चांगला बसला म्हणून टाळ्या वाजवाल, तेव्हा एकदा माझ्या पाठीमागे येऊन बघा. तिथे कोणीतरी मला धरून उभं असतं. तिलाही मधूनमधून विचारा, खांदा दुखतोय का, आणि थोडा वेळ तिच्या जागी तुम्ही उभे राहा.