वीणावादिनीचा अंगठा

मॉलीबाई रखवालदार चंदनच्या काखेखालून आत शिरल्या आणि थेट तैलचित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"माँजी, मछली अंदर नहीं चलेगी!" चंदन मागून धावला.

"मछली किधर? ये थैली का बास है. पचास साल का."

शांती नगरातल्या त्या सभागृहात उद्या प्रदर्शन उघडायचं होतं: एकोणिसाव्या शतकातले चित्रकार भास्करराव आणि त्यांनी रंगवलेल्या स्त्रिया. प्रदर्शन मांडणारी क्षितिजा शिडीवर उभी राहून दिवे फिरवत होती. उत्तनच्या कोळीवाड्यातल्या या म्हाताऱ्या बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या.

"आजी, परत?"

"पाटी बदललीस?"

पाटी तीच होती. 'वीणावादिनी. मॉडेल अज्ञात. पावलाचे रेखाटन सदोष.'

"अज्ञात कशी? माजी पणजी हाय ती. इनास."

"मागच्या वेळी नातालीन होती."

"दोन नावं व्हती. बाप्तिस्म्याचं येगलं, हाकेचं येगलं." मॉलीबाई जराही अडखळल्या नाहीत. भास्कररावांनी उत्तनच्या किनाऱ्यावर रंग मांडले, तेव्हा एका खेकड्याने निळ्या रंगाची अख्खी नळी पळवली आणि त्या साली सगळ्यांच्या जाळ्यात निळे बोंबील आले, हे त्यांनी गळ्यातल्या क्रुसाला हात लावून सांगितलं. गेल्या खेपेला ते बोंबील हिरवे होते.

क्षितिजाला हसू आवरेना. "गोष्ट मस्त आहे, आजी. पण मला पुरावा लागतो. फोटो, चर्चच्या वहीतली नोंद, काहीतरी. उद्या तज्ज्ञ येतायत."

"पाय वाकडा म्हननारे, तेच ना?" मॉलीबाई हसल्या नाहीत. "पाटी बदलल्याबिगर मी आज हलत न्हाय."

त्यांनी पिशवीतून फाटक्या जाळ्याचा तुकडा आणि लाकडी सुई काढली. लुगडं सावरलं आणि चित्रासमोर लादीवर बसल्या. डावा पाय पुढे घेतला. जाळ्याचं टोक अंगठ्यात अडकवलं आणि अंगठा बाकीच्या बोटांपासून दूर ताणला. एका हाताने जाळं वर उचलून धरलं, दुसऱ्या हाताने सुई घातली आणि जाळं सांधू लागल्या.

क्षितिजा शिडीवरून उतरली. आधी तिने मॉलीबाईंकडे पाहिलं, मग चित्राकडे. जरीच्या साडीखालून डोकावणारा तो अंगठा असाच बोटांपासून फटकून होता. डावा हात असाच वर. उजव्या हाताची चिमूट अशीच, आणि ती वीणेच्या तारांना टेकतच नव्हती. दोन वर्षं क्षितिजा या चित्रावर काम करत होती, पण त्या हातांत जाळं असेल हे तिला कधी सुचलं नव्हतं. ती हळूच मॉलीबाईंच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिथून, खालून, तिने पुन्हा एकदा वर बघितलं.

मग तिने नखाने पाटीचा कोपरा उचकटला.

"नवीन लिहिते. नाव काय घालू, आजी? इनास की नातालीन?"

मॉलीबाईंची सुई थांबली.

"म्हायती न्हाय," त्या म्हणाल्या. "घरात समदी नुसती पणजीच म्हनायची."

"पण ती तुमचीच पणजी होती ना?"

मॉलीबाईंनी दोरा दाताने तोडला. चित्रातल्या बाईच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"नाव ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पाय बरोबर हाय, येवढं लिव."