ईदेपर्यंत

राहात्याच्या हायस्कुलात अंगद गोर्डे सरांनी तीसेक वर्षं इतिहास शिकवला. महायुद्धांचा धडा आला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सावरून बसायची, कारण सर तो पुस्तक न उघडता सांगत. फळ्याशेजारी युरोपचा नकाशा टांगलेला असायचा. हातात लाकडी पट्टी घेऊन सर नकाशावरच्या बाणांबरोबर एका देशातून दुसऱ्या देशात जात. एक गोष्ट ते दरवर्षी सांगायचे. १९१४ साली लढाईवर निघालेल्या पोरांना वाटत होतं, आपण नाताळापर्यंत घरी येऊ. तसं घरच्यांना सांगूनच ते गाडीत बसले. एवढं सांगून सर थांबत आणि विचारत, "मग युद्ध किती वर्षं चाललं?" वर्ग एका सुरात म्हणायचा, "चार." आणि सगळे हसत. सरही हसत.

हसणाऱ्यांत एका वर्षी कैफही होता. सरांच्या घराला लागूनच त्याचं घर. त्याचा बाप शाहबाज टेम्पो चालवायचा. आसपासच्या मळ्यांतला झेंडू आणि गुलाब भल्या पहाटे भरून तो शिर्डीच्या फुलवाल्यांना पोचवत असे. आई सकीना दुपारी हारांची ऑर्डर घ्यायची. आजोबा बाबाजान ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असत. घरात ही माणसं त्यांची दखनी वळणाची हिंदी बोलत आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांशी मराठी. कैफ शिकला मराठी शाळेत. बारावीनंतर तो शिर्डीच्या एका हॉटेलच्या भटारखान्यात लागला आणि दोन-तीन वर्षांत तंदूरवर त्याचा हात बसला.

एका एजंटाने त्याला मॉस्कोतल्या हॉटेलचा व्हिडिओ दाखवला. भारतीय जेवण, राहायची सोय, चांगला पगार. निघायच्या आधी कैफ पेढे घेऊन सरांकडे आला. सकीना मागे उभी होती. तिकडे लढाई चालू आहे असं ऐकते, ती म्हणाली. सरांनी मोबाईलवर नकाशा उघडून तिला दाखवलं की मॉस्को कुठे आणि लढाई कुठे. मधलं अंतर बोटांनी मोजून दाखवलं. शिवाय दोन्ही बाजू आता थकल्यात, अशी युद्धं फार लांबत नाहीत, असंही सांगितलं. सकीनाला नकाशातलं काही कळलं नाही. पण सर सांगतायत म्हणून तिचा चेहरा सैल झाला.

महिना झाला असेल नसेल, कैफचा एक फोटो आला. अंगावर हिरवे कपडे, डोक्यावर मोठी टोपी. पाठोपाठ फोन आला. हॉटेलच्या कामाचा म्हणून ज्या कागदावर त्याची सही घेतली तो रशियन भाषेत होता. त्यात काय लिहिलंय ते त्याला गाडीत बसवल्यावर समजलं. बरोबर आणखी काही भारतीय पोरं होती. पासपोर्ट काढून घेतले होते. थोडे दिवस बंदूक शिकवतील आणि मग सामान वाहायचं काम देतील, असं त्यांना सांगितलं होतं. शाहबाजने एजंटला फोन लावला. तो लागला नाही, पुढेही कधी लागला नाही.

तेव्हापासून सकीना संध्याकाळी सरांकडे येऊ लागली. सरांची बायको चहा टाकायची. सकीना पायरीवर बसून एकच विचारायची, की सर, हे कधी संपेल. सर इतिहासाचे मास्तर, त्यांनी दोन-दोन महायुद्धं शिकवलेली, तेव्हा लढाई कधी संपते हे त्यांना ठाऊक असणार, असं तिला वाटे. खरं सांगायचं तर सरांनाही तसंच वाटत होतं. निवृत्त झाल्यापासून वेळ होताच, ते दिवसभर बातम्या बघत. कोणतं शहर कुणी घेतलं, कुणाच्या तोफा संपत आल्या, कोण कुणाशी बोलणी करतंय, सगळं त्यांना पाठ झालं. त्यांनी बराच विचार केला आणि एक दिवस सकीनाला म्हणाले, "भाभी, रमजान ईदेपर्यंत कैफ घरी येईल."

तिने घरी जाऊन सगळ्यांना तसं सांगितलं. शाहबाजने फुलवाल्यांना सांगितलं. बाबाजानांनी मात्र ते कुणालाच सांगितलं नाही.

बाबाजानांची गोष्ट सरांना माहीत होती. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेले होते. नगरला मोटार शिकवली आणि बोटीत बसवून पाठवून दिलं. सर ही गोष्ट वर्गात सांगत, आपल्या गावातलाही माणूस महायुद्धात होता, हे पोरांना समजावं म्हणून. पण नाव आणि साल यापलीकडे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एके दिवशी सर त्यांच्या ओट्यावर बसले असताना बाबाजान आपणहूनच बोलू लागले.

"आमी त्याला जर्मनची लढाई म्हनायचो, मास्तर. दुसरी-बिसरी काय न्हाई. बाजाराच्या दिवशी कुनीतरी यायचं, म्हनायचं लढाई संपली. आई गूळ वाटायची. मग कळायचं, न्हाई संपली. असं लई येळा झालं. खरंच संपली तवा सांगायला आलेला मानूस दारात उभा ऱ्हायला, पन आई जात्यावरनं उठली बी न्हाई."

सरांनी विचारलं, वडील कधी आले. पुढच्या वर्षी आले, बाबाजान म्हणाले. आले, मोटारीवर लागले, आणि मरेस्तोवर त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. कोणत्या देशात होते तेही घरात कुणाला कळलं नाही. सरांना वाटत होतं, यातून काहीतरी पुढे निघेल, पण बाबाजानांचं बोलणं तिथंच संपलं. ते मशिदीकडे निघून गेले.

ईदेच्या आठवड्यात कैफचा फोन आला. सकीना बोलली, शाहबाज बोलला, आणि मग कैफ म्हणाला, सरांना द्या. सर धावत गेले. आवाज तुटत होता. सरांनी आधी विचारलं, तू नेमका कुठं आहेस, जवळ कोणतं शहर आहे. त्यांना ते ठिकाण मोबाईलवरच्या नकाशात शोधायचं होतं.

"माहीत नाही, सर," कैफ म्हणाला. "झाडांची एक रांग आहे. आम्ही खड्ड्यात आहोत. पलीकडे कोण आहे दिसत नाही. पाट्या वाचता येत नाहीत. तुम्ही बातम्या बघता ना? तुम्हीच सांगा, मी कुठं आहे?"

सरांनी कोणत्या दिशेला ऊन येतं असं काहीतरी विचारलं. कैफ म्हणाला, इथे ऊन नसतं. मग तोच पुढे बोलू लागला.

"सर, तुम्ही सांगायचात ना, नाताळापर्यंत घरी. आम्ही किती हसायचो."

"हो."

"त्यांना खरंच वाटत असेल हो, सर."

फोन कट झाला. सकीना समोरच उभी होती. काय म्हणाला, तिने विचारलं. सरांनी सांगितलं, तब्येत बरी आहे म्हणाला. घरी येऊन ते बराच वेळ दिवाणावर बसून राहिले. बायकोने जेवायला वाढलं तर भूक नाही म्हणाले. इतकी वर्षं त्या पोरांना आपण मूर्ख ठरवलं, हे त्यांच्या मनातून जाईना. त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच. आणि आपल्याला ठाऊक होतं, कारण आपण नंतर जन्मलो.

ईद झाली. शीरखुर्म्याची वाटी नेहमीसारखी सरांकडे आली, पण ती घेऊन शाहबाज आला. सकीना आली नाही. कैफचा फोन त्यानंतर आला नाही.

बकरीदही गेली. मग हरियाणातल्या एका पोराने कुठूनतरी शाहबाजचा नंबर मिळवून मेसेज पाठवला. तो कैफबरोबर होता, जखमी होऊन मागे आला होता. कैफ आणखी दोघांबरोबर एका जखमीला स्ट्रेचरवर आणायला पुढे गेला, वरून ड्रोन आले, आणि तिघांतलं कुणी परत आलं नाही. मेला असं मी म्हणत नाही, त्याने लिहिलं होतं, मी बघितलं नाही.

सर आणि शाहबाज फिरू लागले. तहसील झालं, नगरला कलेक्टर कचेरी झाली, दिल्लीला ईमेल झाले. इंग्रजी अर्ज सर लिहून द्यायचे. सगळीकडे माणसं नीट बोलली. पाणी दिलं, बसा म्हणाली. माहिती मागवली आहे, असं उत्तर यायचं. काही महिन्यांनी तेच उत्तर दुसऱ्या तारखेचं यायचं. मशिदीत मौलानांना विचारलं, तर ते म्हणाले, मय्यत नाही, खात्रीची खबर नाही, मी जनाज्याची नमाज कशी सांगू. रडावं की थांबावं, हेही घरात कुणाला कळत नव्हतं. शाहबाज पहाटे फुलं भरायचा, कारण फुलं थांबत नाहीत. परतताना तो टेम्पो पेरूच्या बागांपाशी उभा करून थोडा वेळ बसून राहतो, असं सरांना कुणीतरी सांगितलं.

त्या सुमाराला मोठ्या देशांचे पुढारी भेटले. टीव्हीवर दिवसभर तेच. युद्ध संपणार, नवा नकाशा असा असेल, इतिहास या दिवसाची नोंद घेईल. सरांचे जुने सहकारी फोन करून मत विचारू लागले. शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांनी त्यांना दहावीच्या वर्गापुढे महायुद्धांवर बोलायला बोलावलं. सर नको म्हणत होते. बायको म्हणाली, जाऊन या, घरात बसून तरी काय होतंय.

सर गेले. तोच वर्ग, नकाशा नवा. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर १९१४ लिहिलं, पुढे रेघ ओढली आणि थांबले. पुढचा आकडा हाताला पाठ होता. पण त्या रेघेवर आत्ता उभी असलेली माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यांच्या पुढे आकडाच नव्हता. मुलं वाट बघत राहिली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला वाटलं, सर विसरले. ती हळूच म्हणाली, "अठरा, सर." सरांनी मान हलवली आणि खडू खाली ठेवला. चक्कर आल्यासारखं होतंय, असं मुख्याध्यापकांना सांगून ते घरी आले.

युद्ध संपलं नाही. बोलणी फिसकटली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा फिसकटली. थंडी पडायला लागली तेव्हा दिल्लीहून फोन आला. तिकडे ओळख न पटलेले मृतदेह आहेत, आईवडिलांच्या रक्ताचा नमुना पाहिजे. शाहबाजने टेम्पोतून फुलांच्या पाट्या काढल्या, सकीनाला आणि सरांना पुढे बसवलं. नगर-मनमाड रस्ता उखडलेला, टेम्पो सारखा आदळत होता.

नगरच्या सरकारी दवाखान्यात फार वेळ लागला नाही. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोघांचं रक्त घेतलं, काचेच्या नळ्यांवर नावं चिकटवली आणि पोलिसांच्या माणसाकडे दिली. हे तिकडे जाईल, तिथल्या नमुन्यांशी जुळतं का बघतील, मग कळवतील, त्या म्हणाल्या. किती दिवस लागतील ते त्यांना सांगता येत नव्हतं. शाहबाज कागदावर सही करायला आत थांबला. सकीना बाहेर बाकावर सरांशेजारी येऊन बसली. दंडावरचा कापूस तिने दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

"सर, जुळलं म्हनजे तो त्यांच्यात हाय."

"हो, भाभी."

"आन न्हाई जुळलं तर कुठं हाय ते कळनार न्हाई."

सरांनी दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं.

"मग मी दुआ कशाची मागू? जुळावं म्हनून का जुळू नये म्हनून?"

इतके दिवस ती जे विचारायची त्याला सरांकडे काही ना काही उत्तर असायचं. बातमी असायची, नकाशा असायचा, मागच्या कुठल्या तरी लढाईचा दाखला असायचा.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

सकीनाने मान डोलावली. तिला राग आला नाही. उलट, आपल्यासारखंच आणखी कुणीतरी बाकावर बसलंय, अशा नजरेने तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि थोडी सरकून त्यांना नीट बसायला जागा करून दिली.

शाहबाज आला. परत निघायची घाई होती, पहाटेसाठी अस्तगावच्या मळ्यातला झेंडू सांगून ठेवलेला होता. कोल्हारच्या पुलावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ऊसतोड सुरू झालेली, कारखान्यांकडे ऊस चाललेला. त्या रांगेमागे टेम्पो किती तरी वेळ उभा राहिला. कुणी हॉर्न वाजवला नाही.

रिपोर्ट अजून आलेला नाही. सकीना संध्याकाळी येते, पण कधी संपेल ते आता विचारत नाही. सरांच्या बायकोबरोबर भाजी निवडते, अजान झाली की उठून जाते. सर टीव्ही लावत नाहीत. लावला तरी तिच्या येण्याच्या वेळेला बंद करतात.